टाकीतला टक्का आणि सायलेन्सरमधला हिशेब

बायोडिझेलविषयी आपल्याकडे एक समजूत इतकी रुळली आहे की ती तपासावी असे कुणाला वाटत नाही. वनस्पतीचे तेल म्हणून इंधन स्वच्छ, आणि इंधन स्वच्छ म्हणून धूरही स्वच्छ. सरकारी धोरण हेच गृहीत धरते, वर्तमानपत्रे हेच छापतात आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतले प्रकल्प अहवाल याच वाक्याने सुरू होतात. पुढची सगळी चर्चा मग एका आकड्यावर येऊन थांबते: डिझेलमध्ये बायोडिझेल किती टक्के मिसळले? २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत २० टक्क्यांचे स्वप्न होते. २०१८ च्या धोरणाने ते २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आणले. प्रत्यक्षात आपण एका टक्क्याच्या आत घुटमळत राहिलो. यावर हळहळ पुष्कळ झाली, पण आकडा गाठला असता तर नेमके काय साधले असते, हे फारसे कुणी विचारले नाही.

माझे म्हणणे असे की मिश्रणाचा टक्का ही प्रदूषण मोजायची पट्टीच नाही. बायोडिझेल टाकीत ओतले की प्रदूषण आपोआप कमी होते, हे अर्धसत्य आहे. बायोडिझेल इंजिनाची काजळी कमी करते आणि त्यातून इंजिनाला एक सवलत मिळते. ती सवलत नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी जाणीवपूर्वक खर्च केली तर दोन्ही प्रदूषके घटतात. ती तशीच पडू दिली तर एक घटते आणि दुसरे वाढण्याची शक्यता राहते. म्हणून इंधन कोणते यापेक्षा ते कोणत्या इंजिनात, फवारा सोडण्याच्या कोणत्या टायमिंगवर आणि कोणत्या तेलापासून बनवून घातले, हा प्रश्न आधी सुटायला हवा.

१. एकाच ज्वालेतली दोन विषे

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापल्या हवेत इंधनाचा फवारा सोडला की तो पेट घेतो. फवाऱ्याच्या गाभ्यात इंधन जास्त आणि हवा कमी असते. तिथे जळण अर्धवट राहते आणि काजळी धरते. फवाऱ्याच्या कडेला हवा भरपूर आणि ज्वाला अतिशय तापलेली असते. तिथे हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो. ही दुसरी क्रिया साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या वर झपाट्याने वाढते. याकॉव झेल्डोविच या रशियन शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात तिची जी मांडणी केली, तीच आजही पाठ्यपुस्तकांत आहे.

यातून डिझेल इंजिनाचा मूळ पेच तयार होतो. काजळी जाळायची तर सिलिंडरमध्ये उष्णता आणि ऑक्सिजन हवा. उष्णता आणि ऑक्सिजन दिला की नायट्रोजन ऑक्साइड वाढते. ते कमी करायला ज्वाला थंड केली की काजळी परत येते. धरले तर चावते, सोडले तर पळते. गेल्या ४० वर्षांत डिझेल इंजिनावर झालेले बहुतेक संशोधन या एका पेचाभोवती फिरते आहे.

यातली काजळी डोळ्यांना दिसते. चढावर ट्रक काळा धूर मारतो तेव्हा मागचा दुचाकीवाला तोंडाला रुमाल बांधतो. नायट्रोजन ऑक्साइड सायलेन्सरमधून बाहेर पडताना मात्र दिसत नाही. ते श्वासनलिकेला सूज आणते, उन्हात इतर वायूंशी मिळून जमिनीलगतचा ओझोन बनवते आणि हवेतल्या अमोनियाशी मिळून नायट्रेटचे सूक्ष्म कण तयार करते. म्हणजे आज वायू म्हणून सुटलेले नायट्रोजन ऑक्साइड उद्या पीएम २.५ च्या आकड्यात कण बनून हजर होते. दिसते ते मोजायचे आणि दिसत नाही ते सोडून द्यायचे ही सवय आपल्या नियमांतही उतरली आहे. डिझेल गाडीच्या पीयूसी चाचणीत फक्त धुराचा दाटपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. या चाचणीपुढे बायोडिझेल नेहमीच पहिल्या वर्गात पास होणार.

२. तेलातला ऑक्सिजन काय देतो, काय घेतो

बायोडिझेल म्हणजे नुसते तेल नव्हे. करंज, सोयाबीन, पाम किंवा तळून उरलेले तेल, यांतल्या कुणाचीही मिथेनॉलशी अभिक्रिया घडवून ग्लिसरीन वेगळे काढले की जे एस्टर उरते ते बायोडिझेल. त्याच्या वजनात सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो. पेट्रोलियम डिझेलमध्ये तो जवळपास नसतोच. फवाऱ्याच्या ज्या गाभ्यात हवा पोचत नाही, तिथे हा ऑक्सिजन इंधनाबरोबरच पोचतो. काजळी कमी होण्याचे खरे कारण हे आहे. शिवाय त्यात गंधक नगण्य आणि काजळीला खतपाणी घालणारी सुगंधी हायड्रोकार्बने नसतात.

दुसरी बाजू अशी. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात पंप दाब निर्माण करतो आणि तो दाब पोलादी नळीतून नोझलपर्यंत जातो. बायोडिझेल डिझेलपेक्षा कमी दबते, म्हणून त्यातून दाबाची लाट लवकर पोचते आणि नोझलची सुई थोडी आधी उचलली जाते. कुणीही हात न लावता इंजिनाचे टायमिंग पुढे सरकते. फवारा लवकर सुटला की जळणाचा मोठा भाग पिस्टन अगदी वर असताना होतो, तापमान चढते आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढते.

कॉमन रेलच्या नव्या इंजिनात दाब कायम तयार असतो आणि फवारा केव्हा सोडायचा हे संगणक ठरवतो, त्यामुळे हे कारण निकालात निघते. तिथे वेगळीच गंमत होते. बायोडिझेलची उष्णता किलोमागे आठव्या-दहाव्या हिश्श्याने कमी असते, म्हणून तेवढीच ताकद मिळवायला चालक पॅडल जास्त दाबतो. संगणकाला वाटते गाडीवर बोजा वाढला, आणि तो त्या बोजासाठी लिहिलेल्या वेगळ्या टायमिंगवर जातो. तिसरे कारण मला सर्वांत बोलके वाटते. जळती काजळी प्रकाशाच्या रूपाने बरीच उष्णता बाहेर फेकते. काजळीच कमी झाली की ज्वालेला थंड करणारी ही वाट आखडते आणि ज्वाला आणखी तापते. ज्या गुणाचे आपण कौतुक करतो, तोच गुण दुसऱ्या दोषाला हातभार लावतो.

३. टक्क्यांत बोललो की काय लपते

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये तोवरच्या चाचण्यांचा एक मोठा आढावा घेतला. हेवी ड्यूटी इंजिनांत सोयाबीनच्या बायोडिझेलचे २० टक्के मिश्रण घातले तर कण सुमारे १० टक्क्यांनी, न जळलेली हायड्रोकार्बने २१ टक्क्यांनी आणि कार्बन मोनॉक्साइड ११ टक्क्यांनी घटतात, तर नायट्रोजन ऑक्साइड २ टक्क्यांनी वाढते, असे त्यात निघाले. बायोडिझेलच्या बाजूचे लोक हे आकडे आनंदाने उद्धृत करतात, आणि ते समजण्यासारखे आहे. तीन प्रदूषके दोन आकडी टक्क्यांनी खाली आणि एकच चिमूटभर वर.

पण टक्के कशाचे? हेच आपल्याकडच्या जुन्या ट्रकला लावून पाहू. बीएस-३ या प्रदूषण मानकाच्या जड वाहनाला एका किलोवॅट-तासामागे नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ५ ग्रॅम होती आणि कणांची ०.१० ग्रॅम. इंजिन या मर्यादेवर चालते असे धरले तर १० टक्के कण वाचले म्हणजे ०.०१ ग्रॅम वाचला, आणि २ टक्के नायट्रोजन ऑक्साइड वाढले म्हणजे ०.१ ग्रॅम वाढले. वाढ बचतीच्या दहापट. ग्रॅमला ग्रॅम सारखा विषारी नसतो हे खरे. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये निःसंशय कर्करोगकारक ठरवले आहे, आणि एक ग्रॅम काजळी टळण्याचे मोल नायट्रोजन ऑक्साइडच्या एका ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त आहे. तरीही हिशेब इतका एकतर्फी नाही, एवढे यावरून दिसावे.

नंतरच्या काळात अमेरिकेच्याच राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने पूर्ण वाहनांवर चाचण्या करून दाखवले की २० टक्के मिश्रणात नायट्रोजन ऑक्साइड कधी वाढते, कधी घटते आणि सरासरी शून्याच्या आसपास येते. मला हा निष्कर्ष माझ्या म्हणण्याच्या विरोधात वाटत नाही, उलट बाजूचाच वाटतो. एकच इंधन एका इंजिनात वाढ आणि दुसऱ्यात घट दाखवत असेल, तर निकाल इंधनाचा नसून जोडीचा आहे.

४. सवलत वसूल करायची कशी

आता मूळ मुद्द्यावर येऊ. काजळी कमी झाल्यामुळे इंजिनाला जी मोकळीक मिळते, ती नायट्रोजन ऑक्साइडवर खर्च करण्याचे दोन जुने आणि खात्रीचे मार्ग आहेत.

पहिला मार्ग टायमिंग मागे घेण्याचा. फवारा दोन-तीन अंश उशिरा सोडला की जळण पिस्टन खाली जाऊ लागल्यावर होते, तापमानाचे टोक बसते आणि नायट्रोजन ऑक्साइड ठळकपणे घटते. साध्या डिझेलवर असे केले तर धूर वाढतो, म्हणून कारखाने एका मर्यादेपलीकडे जात नाहीत. बायोडिझेलमुळे ती मर्यादा थोडी पुढे सरकते. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत किर्लोस्करांचे टीव्ही-१ हे एक सिलिंडरचे इंजिन जवळजवळ सगळीकडे आहे: ५.२ किलोवॅट, मिनिटाला १५०० फेरे, टायमिंग पिस्टनच्या वरच्या टोकाच्या २३ अंश आधी. बायोडिझेलवरचे आपल्याकडचे बेसुमार प्रबंध याच इंजिनावर झाले. त्यांतल्या बऱ्याच जणांनी टाकीतले इंधन बदलले, इंजिन २३ अंशांवरच ठेवले आणि आलेख काढले. म्हणजे डिझेलसाठी शिवलेला सदरा बायोडिझेलच्या अंगात घालून तो नीट बसत नाही अशी नोंद केली. ज्यांनी टायमिंग २१ किंवा २० अंशांवर आणून पाहिले, त्यांना नायट्रोजन ऑक्साइड उतरताना दिसले. अशा इंजिनात हा बदल करायला संगणक लागत नाही. पंपाच्या बुडाखाली पत्र्याच्या पातळ चकत्या असतात, मेकॅनिक त्यांना शिम म्हणतात. एक शिम वाढवली की पंप कॅमपासून किंचित वर उचलला जातो आणि फवारा उशिरा सुटतो. काम तासाभराचे.

दुसरा मार्ग सायलेन्सरकडे चाललेल्या वायूचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये घेण्याचा. त्यामुळे आतल्या हवेत ऑक्सिजन कमी होतो, ज्वाला निवते आणि नायट्रोजन ऑक्साइड घटते. याचीही किंमत काजळीत मोजावी लागते, आणि इथेही बायोडिझेलचा आतला ऑक्सिजन ती किंमत कमी करतो. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की काजळी डिझेलइतकी किंवा तिच्याहून कमी राहते आणि नायट्रोजन ऑक्साइड डिझेलपेक्षा खाली जाते. फक्त मिश्रणाचा टक्का वाढवून हे खात्रीने साधत नाही.

या दोन्हींच्या आधीची एक पायरी आहे, आणि ती सगळ्यांत दुर्लक्षित. तालुक्याच्या गावी पंप-नोझल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन पाहावे. मेकॅनिक नोझल हातपंपाच्या टेस्टरवर बसवतो आणि दांडा दाबतो. काटा चढत चढत २०० बारच्या आसपास जातो, नोझल कर्रकन वाजते आणि टोकाशी धुक्यासारखा बारीक फवारा उडतो. ही झाली चांगली नोझल. खराब नोझल त्याआधीच ठिबकू लागते, किंवा एका बाजूला धार सोडते. ठिबकणाऱ्या नोझलमधून थेंबांनी पडलेले इंधन कोणत्याही झाडाचे असो, त्याची काजळीच होणार. २० टक्के मिश्रणाने मिळणारा १० टक्क्यांचा फायदा एक खराब नोझल खाऊन टाकू शकते. बायोडिझेल योजनांच्या कागदांत या दुकानाचा उल्लेख कुठेच नसतो.

संशोधनात सध्या फॅशन आहे ती तिसऱ्याच मार्गाची. मिश्रणात ॲल्युमिनियम किंवा सिरियम ऑक्साइडचे नॅनोकण घालायचे आणि प्रदूषण घटल्याचे आलेख छापायचे. आलेख खोटे असतील असे मी म्हणत नाही. पण इंधनातून आत गेलेला धातूचा कण जळून नाहीसा होत नाही, तो सायलेन्सरमधून बाहेर पडतो. तो कुणाच्या फुप्फुसात जाईल, याची मोजणी त्या प्रबंधांत अभावानेच आढळते. काजळी कमी करायला धातूची धूळ हवेत सोडायची, याला उपाय म्हणणे मला जड जाते.

५. कोणते तेल, हे विचारायलाच हवे

बायोडिझेल हा एकच पदार्थ नाही. तेलाच्या रेणूंत जितके दुहेरी बंध जास्त, तितकी नायट्रोजन ऑक्साइड वाढवण्याची प्रवृत्ती जास्त आणि साठवणीत खवट होण्याची भीतीही जास्त. सोयाबीन आणि सूर्यफूल या गटातले. पाम तेल आणि प्राण्यांची चरबी दुसऱ्या टोकाला. त्यांचे बायोडिझेल सहज पेटते, टिकते आणि नायट्रोजन ऑक्साइडच्या बाबतीत सौम्य असते. खोट एवढीच की ते थंडीत गोठू लागते. युरोपात ही खोट मोठी. आपल्या किनारपट्टीवर तिला फारसा अर्थ नाही.

कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये केलेले नियम या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. तिथे बायोडिझेलची संपृक्तता, म्हणजे दुहेरी बंध किती कमी आहेत ते, पाहून मिश्रणाची मर्यादा वेगवेगळी ठरवली. कमी संपृक्त तेलाच्या बायोडिझेलला उन्हाळी महिन्यांत ५ टक्क्यांच्या पुढे नायट्रोजन ऑक्साइड आटोक्यात ठेवण्याचा उपाय सक्तीचा, जास्त संपृक्त तेलाला १० टक्क्यांपर्यंत मोकळीक, आणि नव्या तंत्राची इंजिने असलेल्या ताफ्यांना सवलत. इंधन, ऋतू आणि इंजिन यांची सांगड घालणारा नियम असा असतो. आपल्या ५ टक्क्यांच्या उद्दिष्टात या तिघांपैकी एकाचाही पत्ता नाही.

आपल्याला खाद्यतेल निम्म्याहून जास्त आयात करावे लागते, तेव्हा ताजे तेल इंधनात घालण्याचा विचार करणेच गैर. बायोडिझेलसाठी लावलेल्या मोगली एरंडाचा प्रयोग पडीक जमिनीवर पडीकच राहिला, कारण पाण्याशिवाय तगणारे झाड पाण्याशिवाय भरघोस फळत नाही, ही साधी गोष्ट नियोजनाच्या उत्साहात बाजूला पडली. करंज आणि कोकणातली उंडी यांची तेले चांगली आहेत, पण गोळा होतात ती मूठमूठ. राहता राहिले तळून उरलेले तेल. अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ पासून नियम केला आहे की तेलातली ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरायचे नाही. मुंबई-पुण्यातल्या हॉटेलांत आणि फरसाणच्या कारखान्यांत तळणीला मोठ्या प्रमाणात पामोलिन वापरतात. त्यापासून बनलेले बायोडिझेल नायट्रोजन ऑक्साइडच्या हिशेबातही बरे आणि उष्ण हवेलाही साजेसे. शिवाय तेच तेल गाळून पुन्हा एखाद्या गाडीवरच्या भज्यांत जाण्यापेक्षा इंजिनात गेलेले बरे.

मात्र तळणीच्या तेलात मुक्त मेदाम्ले वाढलेली असतात. त्यांची आधी वेगळी प्रक्रिया केली नाही तर साबण होतो आणि धुलाई अपुरी राहिली तर सोडियम-पोटॅशियमचे अंश इंधनात उरतात. शुद्ध बायोडिझेलसाठी भारतीय मानक १५६०७ आहे आणि ६ ते २० टक्के मिश्रणासाठी १६५३१. रस्त्याकडेला ‘बायोडिझेल’ची पाटी लावून स्वस्तात विकले जाणारे कसलेही औद्योगिक तेल यांतल्या कशातच बसत नाही. त्याने बिघडलेल्या इंजिनांची बदनामी मात्र खऱ्या बायोडिझेलच्या वाट्याला येते.

६. नव्या गाड्यांत हा फायदा विरतो

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झाले. जड वाहनांची कणांची मर्यादा ०.०१ ग्रॅमवर आणि नायट्रोजन ऑक्साइडची ०.४० ग्रॅमवर आली. हे साधले ते सायलेन्सरच्या आधी बसवलेल्या यंत्रणेने. कणांसाठी सिरॅमिकचा फिल्टर आणि नायट्रोजन ऑक्साइडसाठी युरियाच्या ३२.५ टक्के द्रावणावर चालणारा उत्प्रेरक. बीएस-३ च्या तुलनेत दोन्ही मर्यादा ९० टक्के किंवा त्याहून जास्त उतरल्या. ज्या गाडीत फिल्टर काजळी अडवतोच आहे, तिथे बायोडिझेलने इंजिनातली काजळी आणखी थोडी कमी केली म्हणून बाहेरच्या हवेला कितीसा फरक पडणार?

तोटे मात्र संभवतात. निकृष्ट बायोडिझेलातले सोडियम, पोटॅशियम आणि फॉस्फरस राख होऊन फिल्टरमध्ये बसतात किंवा उत्प्रेरक मारतात. फिल्टर साफ करण्यासाठी काही इंजिने उशिरा जादा इंधन सोडतात. बायोडिझेल सहज उडत नसल्याने त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरते. एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे: बायोडिझेलची काजळी कमी तापमानाला जळते, त्यामुळे फिल्टर मोकळा करणे सोपे जाते. आणि गंधक काढून टाकल्याने डिझेलचे जे वंगण हरवते, ते एक-दोन टक्के बायोडिझेलने भरून निघते. एवढ्यासाठी थोडे मिश्रण ठीक आहे. आपले डिझेलचे मानक ७ टक्क्यांपर्यंत मुभा देतेच. त्याहून जास्त बायोडिझेल नव्या गाड्यांत घालण्याचा आग्रह मला अनाठायी वाटतो.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप हवामानवाद्यांचा: तुम्ही नायट्रोजन ऑक्साइडच मोजत बसलात, कार्बनचे काय? झाडाने हवेतून घेतलेला कार्बनच परत जातो, हा बायोडिझेलचा खरा गुण आहे, आणि टाकाऊ तेलाच्या बाबतीत तो निर्विवाद आहे. पण तो गुण इंधन कुठेही जाळले तरी तेवढाच राहतो. जुन्या ट्रॅक्टरमध्ये जाळलेल्या लिटरने कार्बनचा जो लाभ होतो, तोच नव्या मोटारीत जाळून होतो. काजळीचा लाभ मात्र फक्त पहिल्या ठिकाणी होतो. म्हणजे कार्बनचा मुद्दा माझ्या मांडणीला छेद देत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. टायमिंग मागे घेतले की इंजिनाचा ॲव्हरेज घटतो, आणि स्वतःच्या खिशातून डिझेल भरणारा शेतकरी हे का मान्य करेल? मान्य करणार नाही, आणि त्याने करावे अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. शेजाऱ्याची हवा सुधारण्याचा खर्च त्याच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही. बायोडिझेलवर जी सूट किंवा अनुदान द्यायचे, ते लिटरमागे न देता टायमिंग बदलून, नोझल तपासून, मोजमाप करून घेणाऱ्याला द्यावे. आज अनुदानाचा विचार बायोडिझेलच्या कारखान्याच्या दाराशी थांबतो.

तिसरा आक्षेप असा की विजेवरची वाहने येत आहेत, मग डिझेलवर इतका खल कशाला? शहरातल्या बस आणि रिक्षा विजेवर जातील, जात आहेत. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आणि रात्रभर समुद्रात राहणारी ट्रॉलर इतक्या लवकर जाणार नाहीत. २०२३ मध्ये ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचा नवा टप्पा लागू झाला, तेव्हा त्याखालच्या मोठ्या वर्गाला जुनाच टप्पा ठेवला गेला. त्या टप्प्यात १९ ते ३७ किलोवॅटच्या ट्रॅक्टरला कणांची मर्यादा ०.६ ग्रॅम आहे. चाचणीची पद्धत वेगळी आहे हे लक्षात घेऊनही, बीएस-६ च्या ट्रकपेक्षा ही मर्यादा साठपट सैल आहे. इथेनॉलसाठी ऊस वाहून नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या धुराकडे इथेनॉलचे कौतुक करताना आपले लक्ष जात नाही, हा आपल्या हरित धोरणातला एक विनोदच आहे.

८. मग द्यायचे कुणाला

उत्तर यातूनच निघते. बायोडिझेल थोडे आहे, थोडेच राहणार आहे. ते देशभरच्या पंपांवर पाण्यासारखे पातळ करून वाटण्यापेक्षा जिथे फिल्टर नाही, उत्प्रेरक नाही, यांत्रिक पंपाचे इंजिन आहे आणि टाकी कुणाच्या तरी ताब्यात आहे, अशा ठिकाणी २० टक्के मिश्रणाने द्यावे. साखर कारखान्यांचे स्वतःचे पंप आणि ठरलेले वाहतूकदार असतात. त्याहून चांगली जागा मला कोकणातल्या मच्छीमार सहकारी संस्थांची वाटते. हर्णै असो की रत्नागिरीचा मिरकरवाडा, संस्थांमार्फत बोटींना डिझेल मिळते, त्याची नोंद राहते, कारण सरकारचा डिझेल परतावा त्या नोंदीवर ठरतो. पीयूसीचा नियम रस्त्यावरच्या वाहनांचा, बोटीला तो लागत नाही. म्हणजे या नियमाखाली तिथला धूर मोजलाच जात नाही.

अडचणी आहेत आणि त्या नीट माहीत असायला हव्यात. बायोडिझेल पाणी धरून ठेवते, आणि बोटीच्या टाकीत पाणी शिरायला निमित्त लागत नाही. पाणी आले की तळाशी बुरशी धरते. ते जुन्या टाकीतला गाळ सोडवते, त्यामुळे सुरुवातीच्या फेऱ्यांत इंधनाचा फिल्टर चोक होतो. भर समुद्रात असे झाले तर बोट चालवणारा तांडेल पुन्हा त्या इंधनाचे नाव घेणार नाही. जुन्या रबरी नळ्या फुगून मऊ पडतात. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. दोन महिने टाकीत पडून राहिलेले बायोडिझेल खवट होऊन ऑगस्टमध्ये नोझलवर चिकट थर धरील. म्हणून मे महिन्याची शेवटची भरणी निव्वळ डिझेलचीच हवी, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा लागेल.

पण याच दोन महिन्यांत बोटी वर ओढलेल्या असतात आणि इंजिने कामासाठी उघडलेली असतात. नळ्या बदलायला, टाकी धुवायला, नोझल टेस्टरवर लावायला आणि टायमिंग मागे घ्यायला वेगळी सवड काढावी लागत नाही. एखाद्या मच्छीमार संस्थेने आपल्या काही बोटींवर एका हंगामासाठी हे करून पाहावे. निम्म्या बोटींत नुसते २० टक्के मिश्रण, निम्म्यांत मिश्रण आणि बदललेले टायमिंग. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने पुन्हा एकदा टीव्ही-१ वर तेच आलेख काढण्याऐवजी गॅस ॲनालायझर घेऊन जेटीवर यावे आणि काजळीबरोबर नायट्रोजन ऑक्साइडही मोजावे. खर्च सरकारने उचलावा, आणि आकडे वाईट आले तरी ते जसेच्या तसे छापावेत.